शाल-श्रीफळाच्या आधीचं काम

दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं, सैनिक-कल्याणासाठीच्या ध्वजदिन निधीचा इष्टांक कोणत्या खात्याने ओलांडला ते माइकवरून सांगितलं जातं. (निधी गोळा करणाऱ्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना विचारलं, तर यातलं किती स्वेच्छेचं आणि किती वरून आलेल्या पत्राचं, हे ते हसून टाळतील.) पैसा मोजता येतो, म्हणून त्याचा सत्कार सोपा. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात सैनिकाच्या घराला खरी जी मदत लागते, ती मात्र पावतीपुस्तकात मावत नाही. ती या निधीपेक्षा बरीच जुनीही आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. इंग्रज सरकारने उभारलेलं त्यांचं स्मारक गावात आहे. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली, तिच्यात मराठा शिपाईही होते. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. माणूस कैदेत गेला की घरी कळायचं ते एवढंच, की पत्र यायचं थांबलं.

आलेलं पत्र तरी वाचणार कोण? मग शाळामास्तर, पोस्टमन, नाहीतर पेन्शनीत आलेला गावचा हवालदार. ओसरीवर बसून पत्र वाचायचं, वाईट मजकूर असेल तर जरा अडखळायचं, मनीऑर्डरीच्या अंगठ्याला साक्ष राहायचं, पेन्शनीचा अर्ज लिहून द्यायचा. सैनिकाच्या घरामागे उभं राहणारे आपल्याकडचे पहिले स्वयंसेवक हेच. त्यांना तसं कोणी म्हटलं नाही, आणि त्यांनाही ते सुचलं नसतं.

सरकारी व्यवस्था त्यानंतर आली. मुंबई इलाख्यात गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्धनिधीची स्त्रियांची शाखा निघाली. 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि त्याखालची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं यांचं मूळ तिथे. त्यामागे निव्वळ दया होती असं मला वाटत नाही. थोरल्याच्या मागे घर उघडं पडलं, तर धाकटा भरतीला कसा येईल, हा हिशेबही त्यात होताच.

स्वातंत्र्यानंतर 28 ऑगस्ट 1949 ला संरक्षण मंत्र्यांच्या समितीने ध्वजदिन ठरवला. 1961 मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं आणि देवराष्ट्रे-कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलं, ते याच काळात. 1966 मध्ये लष्करी पत्नींची ‘आवा’ ही कल्याण संघटना उभी राहिली. तिचं काम छावण्यांत जास्त दिसतं. आपल्या जवानाची बायको मात्र बहुतेक काळ सासरी, शेतावर असते.

मोठा फरक पडला तो कारगिलने. 1962, 1965, 1971 मध्ये घरी तार यायची. 1999 मध्ये पार्थिव गावात येऊ लागलं. अख्ख्या पंचक्रोशीने ते पाहिलं आणि ‘वीरपत्नी’, ‘वीरमाता’ हे शब्द व्यासपीठावर रुळले. कराडचा विजय दिवस समारोहही साधारण याच सुमाराचा. 2015 मध्ये साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक काश्मीरमधल्या कुपवाड्यात शहीद झाले. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्या बातमीने साऱ्या जिल्ह्याची मान उंचावली.

पण बातमी होत नाही ते काम कसलं असतं, ते एका घरात बघायला मिळालं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात. जवान पलटणीत ते कळवतो, ‘पार्ट टू ऑर्डर’ (जवानाच्या नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश) निघते आणि मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात तेच नाव बसतं. इकडे रेशनकार्ड सासरच्या नावाचं, शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधारवर तिसरंच काहीतरी. नवरा असेपर्यंत कोणाचं काही अडत नाही. तो गेला की नावातल्या एका अक्षरावरून कुटुंब पेन्शन अडकते.

त्या घरी एक निवृत्त सुभेदार रेग्झिनची पिशवी घेऊन आले होते. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), कोरा स्टॅम्प पेपर, शाईचं पॅड. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी विचारलं, “वहिनी, तांदळात कोणतं नाव लिहिलं होतं?” आजींनी पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षांत ते नाव घेऊन त्यांना कोणी हाक मारली नव्हती. मग त्यांनी हळूच सांगितलं. सुभेदारांनी ते प्रतिज्ञापत्रावर लिहिलं, मोठ्याने वाचलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

पुढे तहसील, राजपत्र, मग बेळगाव. अशा फेऱ्यांचं एसटीचं भाडं ते कोणाकडून घेत नाहीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गडबड असते, तेव्हा त्यांच्या घरासमोर सकाळपासूनच चपला दिसतात.