सिग्लुफ्योर्दुर : अल्पकालीन भेटीचे नियोजन

सिग्लुफ्योर्दुर हे आइसलँडच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उत्तरेचे शहर होय. उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ४५ किमी. अंतरावर, ट्रोलास्कागी या डोंगराळ द्वीपकल्पाच्या उत्तर भागात, त्याच नावाच्या अरुंद फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) पश्चिम काठावर ते वसले आहे. तिन्ही बाजूंनी उभे कडे, चौथ्या बाजूला उत्तरेकडे उघडणारा समुद्र आणि मध्ये पाण्यात शिरलेली सपाट जमिनीची जीभ, एवढ्याच जागेत बंदर, चर्च, मुख्य रस्ता आणि रंगीत पत्र्याची घरे दाटीने उभी आहेत. लोकवस्ती सुमारे १,२०० आहे. २००६ मध्ये शेजारच्या ओलाफ्सफ्योर्दुर गावाशी एकत्र येऊन येथे फ्याल्लाबिग्द ही संयुक्त नगरपालिका स्थापन झाली. आइसलँडला फेरी मारणारे बहुतेक प्रवासी देशाला वळसा घालणाऱ्या पहिल्या क्रमांकाच्या महामार्गावरूनच जातात आणि तो महामार्ग या गावाला स्पर्श करीत नाही. त्यामुळे येथील भेट सहजासहजी घडत नाही, ती ठरवूनच करावी लागते.

नियोजन करताना पहिला प्रश्न रस्त्याचा असतो, कारण या गावाचा सारा इतिहास रस्ता नसण्याचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे माणसे आणि माल समुद्रमार्गेच येत. १९४६ मध्ये डोंगरावरील खिंडीतून मोटाररस्ता झाला. पण सहाशे मीटरहून अधिक उंचीची ती खिंड वर्षातील बराच काळ बर्फाखाली असे. १९६७ मध्ये पश्चिमेकडे स्त्राकागोंग हा सुमारे ८०० मीटरचा बोगदा खुला झाला आणि गाव प्रथमच बारमाही रस्त्याने देशाशी जोडले गेले. पूर्वेकडील वाट त्यानंतरही चार दशके बंदच राहिली. ओलाफ्सफ्योर्दुर नकाशावर शेजारी दिसत असले, तरी तेथे जायला उन्हाळ्यात सुमारे ६० किमी.चा आणि हिवाळ्यात दोनशे किमी.हून अधिक वळसा पडे. ऑक्टोबर २०१० मध्ये मधल्या हेदिन्सफ्योर्दुर या फ्योर्डचे दोन बोगदे खुले झाले, त्यांची एकत्रित लांबी सुमारे ११ किमी. आहे, आणि हे अंतर अवघ्या १५ किमी.वर आले. आज गावात पर्यटन म्हणून जे काही आहे, त्यातील फार मोठा वाटा या दोन बोगद्यांचा आहे.

त्यामुळे आता गावात दोन दिशांनी शिरता येते. पूर्वेकडून अकुरेरी या उत्तर आइसलँडमधील सर्वांत मोठ्या शहराहून दाल्विक आणि ओलाफ्सफ्योर्दुर या गावांमार्गे सुमारे ७७ किमी.चा रस्ता आहे. रेक्याविकहून अकुरेरीला देशांतर्गत विमान पाऊण तासात पोहोचते. मात्र ते राजधानीच्या शहरातील छोट्या विमानतळावरून सुटते, तर परदेशातून येणारी बहुतेक विमाने सुमारे ५० किमी. दूर केफ्लाविकला उतरतात. या दोन विमानतळांमधील अंतर लक्षात न घेता जोडविमानाचे तिकीट काढणे धोक्याचे ठरते. दोन्हींच्या मध्ये एक रात्र रेक्याविकमध्ये काढणे श्रेयस्कर. अकुरेरीहून पुढे सार्वजनिक बसही आहे, परंतु दिवसातील फेऱ्या मोजक्याच असल्याने आधी वेळापत्रक पाहून मगच मुक्कामाच्या रात्री ठरवाव्यात. पश्चिमेकडून येणारा रस्ता रेक्याविकहून सुमारे ३८५ किमी.चा असून न थांबता पाच तास घेतो. त्याचा शेवटचा टप्पा समुद्रावर लोंबणाऱ्या उतारांवरून जातो. तेथील जमीन सतत थोडी थोडी सरकत असल्याने रस्ता वारंवार दुरुस्त करावा लागतो. तो टाळण्यासाठी नवा बोगदा खोदण्याची योजना आहे. दृश्य म्हणून हा टप्पा अद्वितीय आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तो अंधारात किंवा वादळात चालवू नये.

बोगद्यांची एक रीत नवख्या चालकाने आधीच समजून घ्यावी. हेदिन्सफ्योर्दुरचे बोगदे दुपदरी आहेत. परंतु स्त्राकागोंग आणि दाल्विक ते ओलाफ्सफ्योर्दुर दरम्यानचा सुमारे ३.४ किमी.चा मूलागोंग हे एकपदरी असून वाहतूक मात्र दोन्ही बाजूंनी चालते. भिंतीत ठरावीक अंतरावर बाजूला घेण्याच्या जागा कोरलेल्या आहेत. ज्या वाहनाच्या उजव्या हाताला अशी जागा असेल, त्याने समोरचे दिवे दिसताच तीत शिरून थांबायचे आणि समोरच्याला वाट द्यायची. समोरचे वाहन दिसते त्यापेक्षा जवळ असते, म्हणून पुढची जागा गाठण्याची घाई करू नये. आइसलँडमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, दिवसाही दिवे लावावे लागतात आणि गावाबाहेरील डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किमी., तर खडीच्या रस्त्यावर ८० किमी. असते. रस्ता खुला आहे की बंद, हे रस्ते प्रशासनाच्या संकेतस्थळावर दिवसभर अद्ययावत होत असते. स्थानिक माणसे घराबाहेर पडण्यापूर्वी ते आणि वेधशाळेचा अंदाज पाहतात, आणि पाहुण्यानेही तेच करावे.

ऋतूची निवड ही भेटीचे स्वरूपच ठरवते. जून ते ऑगस्ट या काळात रस्ते निर्धोक असतात आणि संग्रहालये रोज उघडी असतात. जूनमध्ये तर रात्र अशी होतच नाही, त्यामुळे संध्याकाळी उशिरा पोहोचूनही डोंगरावर फिरायला जाता येते. तरीही हवा गारच असते. जुलैतही तापमान बहुधा दहा अंशांच्या आसपास राहते आणि उत्तरेचा वारा सुटला की लोकरीचा स्वेटर व वारारोधक जाकीट दोन्ही लागतात. जुलैच्या सुरुवातीला येथे लोकसंगीताचा महोत्सव भरतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या सुटीला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी हेरिंग माशाच्या सुवर्णकाळाची आठवण जागवणारा उत्सव असतो. त्या दिवसांत खोली मिळवायची, तर आरक्षण काही महिने आधी करावे लागते. मार्च ते मे हा काळ स्कीइंग करणाऱ्यांचा; गावाच्या वरच्या खोऱ्यातील उतार आणि आजूबाजूची शिखरे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सप्टेंबर ते एप्रिल या काळात आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र सूर्य दक्षिणेकडील डोंगरांच्या वर येतच नाही. तो पुन्हा दिसतो जानेवारीच्या अखेरीस. २८ जानेवारी हा येथे सूर्याच्या पुनरागमनाचा दिवस मानतात, मुले चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून गातात आणि घरोघरी त्या दिवसाची पातळ धिरडी होतात. हिवाळ्यातील भेट अशक्य नाही, परंतु तिला एक राखीव दिवस जोडलाच पाहिजे. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान आणि गावातून निघण्याचा दिवस यांत किमान एक मोकळी रात्र नसेल, तर वादळाने बंद पडलेला एक रस्ता सारा प्रवास विस्कटून टाकतो.

गावात काय पाहावे, याचे उत्तर एका माशात आहे. १९०३ मध्ये नॉर्वेचे मच्छीमार हेरिंगच्या मागे येथे आले आणि काही वर्षांतच शार्क पकडणाऱ्यांची ही छोटी वस्ती उत्तर अटलांटिकमधील हेरिंगची एक प्रमुख राजधानी बनली. १९१८ मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. ऐन भराच्या काळात येथे मासे खारवण्याची २३ केंद्रे आणि हेरिंगचे तेल व पूड काढणारे पाच कारखाने होते. कायम लोकसंख्या तीन हजारांवर गेली आणि हंगामात देशभरातून आलेल्या कामकऱ्यांनी ती आणखी फुगे. वादळात आसऱ्याला आलेल्या नौकांनी फ्योर्ड भरून जाई. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे सारे संपले. बेसुमार मासेमारी आणि थंडावलेला समुद्र यांमुळे हेरिंगचे थवे नाहीसे झाले, कारखाने बंद पडले, तरुण माणसे निघून गेली आणि धक्क्यावरील लाकडी इमारती एकेक करून कोसळू लागल्या.

त्यांतील एक इमारत गावकऱ्यांनी कोसळू दिली नाही. रोआल्ड्सब्राकी ही १९०७ मध्ये बांधलेली नॉर्वेजियन खारवण-केंद्राची इमारत स्थानिक हौशी मंडळींनी दुरुस्त केली आणि १९९४ मध्ये तेथे हेरिंग युगाचे संग्रहालय सुरू झाले. पुढे तेल-पुडीचा कारखाना दाखवणारी ग्राना ही इमारत आणि जुन्या धक्क्याचे रूप दिलेले नौकागृह यांची भर पडली. २००४ मध्ये युरोपातील औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयांना दिला जाणारा मिकेलेत्ती पुरस्कार त्याला मिळाला. संग्रहालयाच्या तीन मुख्य इमारतींसाठी निदान अर्धा दिवस राखावा. तासाभरात उरकण्याची ही जागा नव्हे. रोआल्ड्सब्राकीच्या वरच्या मजल्यावर मासे खारवणाऱ्या मुलींच्या खोल्या जशाच्या तशा आहेत : एकावर एक रचलेले अरुंद पलंग, खुंटीवर अडकवलेले कपडे, उशाशी मासिके आणि चित्रे. खाली धक्क्यावर उन्हाळ्यातील ठरलेल्या दिवशी खारवण्याचे प्रात्यक्षिक होते. बाई एका हाताने मासा उचलते, सुरीच्या एका झटक्यात डोके आणि आतडी काढते आणि मिठाबरोबर थर लावत पिंप भरू लागते. तळाचे थर लावताना तिला पिंपात कमरेपर्यंत वाकावे लागते. मजुरी पिंपावर मिळे. पिंप भरले की मुकादम तिला एक बिल्ला देई आणि हात माशाच्या खवल्यांनी माखलेले असल्याने ती तो आपल्या गमबुटात सोडी. दिवसअखेर बूट रिकामा करून बिल्ले मोजले जात. मासळी आली की मध्यरात्रीही कामावर बोलावणे येई आणि शेवटचा मासा संपेपर्यंत कोणी घरी जात नसे. देशाच्या निर्यातीला ज्यांनी आधार दिला, त्यांत या बायका-मुलींचे हात होते, आणि संग्रहालयाने त्यांना दिलेले मध्यवर्ती स्थान ही त्याची सर्वांत मोठी थोरवी आहे. प्रात्यक्षिकाचा दिवस व वेळ पाहून मगच गावातील मुक्कामाची तारीख ठरवावी, इतके ते महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात संग्रहालय पूर्वसूचना दिल्यास उघडले जाते.

दुसरे पाहण्यासारखे ठिकाण म्हणजे लोकसंगीत केंद्र. ब्यार्नी थोर्स्टेइन्सन (१८६१–१९३८) हे १८८८ पासून सुमारे अर्धशतक येथील धर्मगुरू होते. खेडोपाडी गायली जाणारी जुनी गाणी नव्या सुरावटींच्या लाटेत नाहीशी होत आहेत हे ओळखून त्यांनी ती स्वरलिपीत उतरवून घेतली आणि १९०६ ते १९०९ या काळात त्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांच्या जुन्या घरात २००६ पासून हे केंद्र चालते. समांतर पाचव्या स्वराच्या अंतराने दोघांनी मिळून म्हणायची प्राचीन गाणी आणि छंदोबद्ध आख्याने येथे ध्वनिचित्रफितींवर ऐकता येतात.

गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी, मातीचे प्रचंड बांध दिसतात. ते हिमकडे थोपवण्यासाठी आहेत. एप्रिल १९१९ मध्ये फ्योर्डच्या पूर्व काठावर कोसळलेल्या हिमकड्याने तेथील हेरिंग कारखाना आणि घरे वाहून नेली व नऊ जणांचा बळी घेतला. १९९५ मध्ये देशाच्या पश्चिम भागातील सूदाविक आणि फ्लातेरी या गावांवर हिमकडे कोसळून ३४ माणसे दगावल्यानंतर देशभर संरक्षणाचे काम हाती घेण्यात आले आणि येथील बांधही त्याच काळापासून उभे राहिले. उन्हाळ्यात त्यांच्या माथ्यावरून पायवाट जाते. गाव, बंदर आणि फ्योर्डचे मुख एका नजरेत पाहायचे असेल, तर याहून चांगली जागा नाही. दोन बोगद्यांच्या मधल्या उघड्या तुकड्यात हेदिन्सफ्योर्दुर लागतो. १९५१ पासून तेथे कोणीही राहत नाही. गाडी थांबवून तलावाच्या काठाने समुद्राकडे चालत जाण्यासाठी दोन-तीन तास काढावेत.

या सर्वांचा विचार करता दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस हे अल्पकालीन भेटीचे योग्य माप ठरते. अकुरेरीहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणे शक्य आहे आणि अनेक जण तसे करतातही. पण त्यात संग्रहालय घाईने पाहिले जाते, बांधांवरची चाल राहून जाते आणि पाऊस आला तर काहीच उरत नाही. मुक्कामासाठी बंदरालगतचे २०१५ मध्ये सुरू झालेले हॉटेल, काही अतिथिगृहे आणि उन्हाळ्यात तंबू टाकण्याची जागा उपलब्ध आहे. संध्याकाळी पोहण्याच्या तलावावरील गरम पाण्याच्या कुंडात बसावे, गावकरी तेथेच भेटतात. तलावात उतरण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने अंघोळ करणे मात्र सर्वांना बंधनकारक आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच मार्गी लावाव्यात. आइसलँड शेंगेन करारात असल्याने भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. युरोपातील अनेक देश एकाच दौऱ्यात करायचे असतील, तर ज्या देशात अधिक दिवस राहायचे त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यातील गर्दी पाहता तो लवकरच केलेला बरा. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. गाडी भाड्याने घ्यायची असल्यास आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना सोबत ठेवावा आणि वाळू-खडीने होणाऱ्या नुकसानीचा विमा काळजीपूर्वक वाचून घ्यावा. देशाचे चलन क्रोना आहे, पण पैसे जवळपास सर्वत्र कार्डाने चुकते होतात. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, मात्र निवड तोकडी असते. सूप, भाजलेली भाजी, पाव आणि स्कीर हा घट्ट, चक्क्यासारखा दुग्धपदार्थ यांवर भर राहतो. काही स्कीरमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या जठरापासून मिळणारे, दूध गोठवणारे द्रव्य) असते, तेव्हा वेष्टनावरील घटक पाहावेत. गावात एक किराणा दुकान असल्याने स्वयंपाकघर असलेली खोली घेणे सोयीचे आणि स्वस्तही पडते.

परतताना आलेल्याच वाटेने जाऊ नये. पूर्वेकडून आलेल्याने पश्चिमेला स्त्राकागोंगमधून बाहेर पडून होफ्सोस गाठावे. तेथील पोहण्याचा तलाव समुद्राच्या अगदी कडेला बांधलेला आहे. तेथून पुढे महामार्गाला लागून रेक्याविककडे किंवा पुन्हा अकुरेरीकडे वळता येते. पश्चिमेकडून आलेल्याने दाल्विकला थांबून ध्रुववृत्तावरील ग्रिम्से बेटाकडे जाणाऱ्या बोटीची चौकशी करावी. कोणत्याही दिशेने निघाले तरी इंधनाची टाकी गावातच भरून घ्यावी, आणि आणीबाणीसाठी देशभर ११२ हा एकच क्रमांक चालतो, तो लक्षात ठेवावा.