जुलाब हवेत, पण अंगातलं पाणी न घालवता

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीची, तारीख मिळाली की घरातलं कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, "ते दोन-दोन लिटर पाणी प्यायची कटकट कशाला? रात्री एरंडेल घे, सकाळी पोट साफ." एरंडेलाने जुलाब होतात यात वाद नाही. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंना चेतवतं, कळा येतात आणि माणूस संडासाकडे पळतो. पण जुलाब होणं वेगळं आणि आतड्याची भिंत दुर्बिणीला स्वच्छ दिसणं वेगळं. दीड मीटरच्या नळीत काही मिलिमीटरचा चपटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, शोधायचा असतो. त्यावर पिवळ्या चिकट द्रवाचा पातळसा थर राहिला तरी तो नजरेतून सुटतो.

अडचण अशी की मोठ्या आतड्याचं कामच मुळी पाणी शोषण्याचं. लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर द्रव त्यात उतरतो आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. नुसतं पाणी कितीही प्या, ते लघवीवाटे जाणार. ते आतड्यातच राहावं म्हणून त्यात काय मिसळायचं, सगळा प्रश्न तेवढाच आहे.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की खार सुटतो, तसं आतड्यात तीव्र क्षार ओतले की शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. सोडियम फॉस्फेटचं औषध या जातीचं. प्यायचं थोडंच, म्हणून ते लोकप्रिय झालं. पण हे पाणी रुग्णाच्या रक्तातून येतं, आणि थोडं फॉस्फेट रक्तात शिरून मूत्रपिंडात कॅल्शियमबरोबर बारीक स्फटिक धरतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, ४२ अंशांत, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे देणं म्हणजे जुगारच. त्याआधी मॅनिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ वापरत. आतड्यातले जिवाणू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात. पॉलिप कापताना विजेची ठिणगी पडून आतड्यात स्फोट झाला आणि रुग्ण दगावला, अशी नोंद १९७९ च्या वैद्यकीय साहित्यात आहे.

१९८० मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉन फोर्डट्रॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला: पाणी ओढायचं नाही आणि शोषू द्यायचंही नाही. मला यातली रसायनाची चाल फार आवडते. जलसंजीवनी आठवा. १९७१ च्या निर्वासित छावणीत दिलीप महालनाबीस यांनी जिच्या जोरावर कॉलराचे रुग्ण वाचवले, ती साखर-मिठाची पुडी. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. इथे नेमकं तेच होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मिश्रणात साखर नाही. सोडियमवर धन भार असतो, सोबतीला ऋण भाराचं क्लोराइड असलं तर ते सहज आत जातं. म्हणून क्लोराइड कमी करून त्या जागी सल्फेट घातलं, जे आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. सोबती बाहेर अडकला की भाराचा तोल बिघडतो, सोडियमचा वेग मंदावतो आणि पाणीही थांबतं. परासरण दाबाची, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढून धरणाऱ्या जोराची, उरलेली भर पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालतं. त्याचा रेणू इतका लांब, की तो भिंतीतून जात नाही, आणि जिवाणूंनाही पचत नाही. एकूण दाब रक्ताइतकाच, म्हणून पाणी इकडून तिकडे फारसं सरकत नाही. प्यायलेलं जवळजवळ सगळं आतडं धूत खाली येतं. या द्रावणात चवीसाठी साखर का घालायची नाही, ते आता कळलं असेल.

तोटा उघड आहे: दोन ते चार लिटर खारट पाणी. ते नको असेल तर सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेटची छोटी पुडी मिळते. पिकोसल्फेटला मोठ्या आतड्यातले जिवाणूच कामाला लावतात. पण सोबत भरपूर द्रव प्यावा लागतो. नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साचतं. किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलच देतात.

"आतड्यात वर्षानुवर्षं साचलेला मळ काढा" असे डिटॉक्सचे मेसेज मोबाइलवर फिरतात, ते मात्र सरळ डिलीट करा. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. त्यावर असलं लिंपण चढत नाही, आणि दुर्बिणीतही ते कधी दिसत नाही.

औषधाइतकीच वेळ महत्त्वाची. सगळं आदल्या संध्याकाळीच पिऊन टाकलं तर रात्रभर लहान आतड्यातून पित्ताचा चिकट द्रव उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग पुन्हा माखतो. म्हणून अर्धं संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार-सहा तास आधी सुरू करून दोन तास आधी संपवायचं. अकराची वेळ असेल तर पहाटे पाचला पेला हातात हवा. खेड्यावरून लातूरला किंवा संभाजीनगरला एसटीने येणाऱ्याला हे जमणं अवघड, त्याने रात्री शहरातच पाहुण्यांकडे मुक्काम करावा. आणि दोन-तीन दिवस आधीपासून भाकरीसोबतची तिळाची, कारळाची, जवसाची चटणी बंद. त्या बिया आतड्यात तशाच राहतात आणि दुर्बिणीची द्रव ओढून घ्यायची नळी तुंबवतात.