मिथेनच्या अंदाजासाठी आम्ही वर्षवार टनेज का मागतो?

"आमच्या डेपोवर आजवर साधारण दोन लाख टन कचरा पडला आहे, मिथेन किती ते कळवावे." नगरपरिषदांकडून येणारी निम्मी पत्रे अशीच असतात. मग वर्षवार आकडे मिळवण्यात महिना जातो, आणि कामाला उशीर होतो तो इथेच.

कचरा कुजताना निघणारा मिथेन वायू किती, हे एकूण बेरजेवरून काढता येत नाही. ढिगात जेवढा कुजणारा माल शिल्लक असेल, त्याचा ठरावीक हिस्सा दरवर्षी कुजतो आणि तो हिस्सा पावसावर ठरतो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय समिती) २००६ च्या पद्धतीत उष्ण प्रदेशासाठी कोरडा भाग आणि ओला भाग यांच्यात वर्षाला १००० मिमी पाऊस ही सीमा आहे. रत्नागिरी तिच्या कितीतरी वर, सोलापूर खाली.

एक टन ओला कचरा घ्या: भाजीचे देठ, उष्टे अन्न, फळांच्या साली. ५ मीटरपेक्षा उंच उघड्या ढिगात त्यातून शेवटपर्यंत सुमारे ४० किलो मिथेन निघतो. कुजायला लागल्यावर पहिल्याच वर्षात रत्नागिरीला त्यातला १३ किलो निघून जातो, सोलापूरला जेमतेम ३. दहा वर्षांनी रत्नागिरीच्या ढिगात त्यातले २ टक्केही उरत नाही, सोलापूरला ४० टक्क्यांच्या वर उरते. म्हणजे तेच दोन लाख टन पंधरा वर्षांपूर्वी पडले की गेल्या चार वर्षांत, यावर कोकणातले उत्तर पार बदलते. ढीग ५ मीटरपेक्षा कमी उंच असेल तर अंदाज निम्म्यावर येतो, त्यामुळे उंचीही मोजून कळवा. बायोमायनिंगमध्ये, म्हणजे जुना ढीग उपसून चाळताना, उचललेला माल वेगळा दाखवा.

"दोनदा कशाला येता?" असेही विचारतात. जुलैत घंटागाडी काट्यावर चढते तेव्हा खालून पाणी गळत असते, आणि काटा ते पाणीही मोजतो. म्हणून एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसात आम्ही ताडपत्रीवर गाडी रिकामी करून, ढिगाचे चार भाग पाडून, हाताने ओला-सुका निवडतो. दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे घेत नाही. दुसऱ्या शहराची टक्केवारी उचलून केलेला अहवाल लवकर हाती पडतो हे खरे, पण तो तुमच्या डेपोचा नसतो.

काट्याच्या पावत्या नसतील तर खेपांचे रजिस्टर आणि गाड्यांची यादी पाठवा. आमचा माणूस तुमच्या आरोग्य विभागात बसून वर्षवार तक्ता करून देईल. मधली दोन-तीन वर्षे गहाळ असली तरी अडत नाही, फक्त ती अंदाजाने भरू नका. जागा कोरी सोडा.