ह्युमिक की शेवाळ अर्क? खारपाणपट्ट्यातल्या वावरासाठी दोन वेगळी टॉनिकं

दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, शेगाव या पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनीच्या, म्हणजे खारपाणपट्ट्यात कृषी केंद्रावर "खारं रान आहे, काहीतरी टॉनिक द्या" म्हटलं, की काळसर द्रवाची बाटली हातात येते. त्यात कधी ह्युमिक असतं, कधी समुद्री शेवाळाचा अर्क. दोन्ही काळपट, दोन्ही जैवउत्तेजक, म्हणजे खत नव्हे, तर पिकाची वाढ आणि ताण सोसण्याची ताकद वाढवणारे पदार्थ. पण ह्युमिकचं काम मुळाशी चालतं आणि शेवाळ अर्काचं पानावर. ही अदलाबदल झाली की पैसे वाया जातात.

आधी मीठ पिकाला काय करतं ते पाहू. मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड ओल्या वावरात तहानलेलं राहतं. मग सोडियम आणि क्लोराइड पानात साचतात आणि कडा करपतात. आपल्या काळ्या मातीत सोडियम आणखी एक घात करतो: मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही.

ह्युमिक निघतं लिओनार्डाइट किंवा लिग्नाइट या कोळशासारख्या खनिजापासून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून. त्यामुळे बाजारातली विद्राव्य पावडर म्हणजे पोटॅशियम ह्युमेट. त्याने केसमुळं वाढतात आणि मुळांची अन्नद्रव्यं घेण्याची ताकद सुधारते. मात्र "ह्युमिकने जमीन सुधारते" हे एकरी किलोभर पावडरीला लागू नाही. एक एकरातली वरची 15 सेंटीमीटर माती सुमारे 8 लाख किलो भरते, त्यात एक किलो कुठे पुरणार? म्हणून ते वावरभर फेकू नका, मुळाशीच द्या. कपाशी उगवून 15 ते 20 दिवस झाले आणि जमीन पावसाने ओली असली, की 15 लिटरच्या पंपात 50 ग्रॅम विद्राव्य पावडर घाला, नोझल काढा आणि बुडाशी आळवणी करा. एकरी 10 पंप म्हणजे 500 ग्रॅम. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. जास्त दिलं तर मुळांची वाढ उलट मंदावते. कोरड्या, भेगाळलेल्या रानात आळवणी केली तर द्रावण भेगेतून खाली निघून जातं.

शेवाळ अर्कात बिटेन, मॅनिटॉल, अल्जिनेट असे घटक असतात. बिटेनसारखे घटक पेशीत पाणी धरून ठेवायला मदत करतात, पानातलं पोटॅशियम-सोडियमचं प्रमाणही सुधारू शकतं. एक प्रकार उत्तर अटलांटिकमधल्या अॅस्कोफायलम या शेवाळाचा, दुसरा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेल्या कॅपाफायकस या शेवाळाचा. ताज्या कॅपाफायकसमधून रस काढण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने विकसित केली. दोन्हींचं प्रमाण खूप वेगळं असतं, त्यामुळे शेजाऱ्याचा डोस आपल्या बाटलीला लावू नका. लिटरला 2 ते 3 मिली सांगितलं असेल तर 15 लिटरच्या पंपाला 30 ते 45 मिली. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

खारपाणपट्ट्यात शेवाळ अर्क बहुतेक वेळा फसतो तो पाण्यामुळे. बोअरच्या खाऱ्या, जड पाण्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला गोठवतं, गाठी होतात, नोझल तुंबतं. शिवाय त्या पाण्यातलं मीठ आपणच पानावर फवारतो. शेततळ्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. ह्युमिकलाही कॅल्शियम चालत नाही, आम्लही नाही: कॅल्शियम नायट्रेट किंवा फॉस्फोरिक आम्लासोबत ते साकळतं आणि ठिबकच्या नळ्या बंद होतात.

आता निवड. कोरडवाहू हरभऱ्याला पाणी देण्याची सोयच नसते, तिथे ह्युमिकची आळवणी जवळजवळ निरर्थक. हरभरा मिठाला फार नाजूक, फुलोऱ्यात तर जास्तच. म्हणून फुलं लागण्याआधी, साधारण 30 ते 35 दिवसांनी, शेवाळ अर्काची पहिली फवारणी आणि 12 ते 15 दिवसांनी दुसरी. पानं करपल्यावर फवारलं तर करपलेलं पान हिरवं होत नाही. कपाशी मोठेपणी मीठ बऱ्यापैकी सोसते, रोपावस्थेत नाही, म्हणून तिथे सुरुवातीला ह्युमिक.

पण दोन्हींपैकी कशानेही मीठ वावराबाहेर जात नाही. पाणी साचतं, माती सुकल्यावर दगडासारखी होते आणि सामू 8.5 च्या वर असेल, तर माती परीक्षणात निघालेल्या गरजेइतकं जिप्सम, सुटलेला सोडियम धुऊन जायला चर आणि ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत हेच खरं काम. जिप्सम आणि ह्युमिक एकत्र देऊ नका, नाहीतर ह्युमिक तिथेच साकळेल.

बाटली घेताना लेबल वाचा. फेब्रुवारी 2021 पासून जैवउत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आली आहेत, त्यामुळे घटक, पीक आणि प्रमाण छापलेलं हवं. नुसतं "टॉनिक" लिहिलेलं परत करा आणि पक्कं बिल मागा. वावरात चार ओळी मुद्दाम न फवारता सोडा, काढणीआधी दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांचे घाटे किंवा बोंडं मोजा, आणि पुढच्या वर्षी बाटली घ्यायची की नाही ते त्या आकड्यांवर ठरवा.