दुर्बिणीच्या मागच्या भिंगातलं वर्तुळ

बेळगावकडे राकसकोपच्या धरणावर किंवा हिडकलच्या पाण्याकाठी कुणाच्या हातात दुर्बीण दिसली, की बाजूला येऊन उभा राहिलेला माणूस हमखास विचारतो, "किती किलोमीटरपर्यंत दिसतं हिच्यातून?" हा प्रश्न विक्रेत्यांनी बरोबर हेरलाय. '40×60', '80×100' असे आकडे छापलेल्या, मुठीत मावणाऱ्या एकनळी दुर्बिणी, म्हणजे मोनोक्युलर, ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत पक्षी बघायला नुकतीच लागलेली पोरं साठवलेले पैसे तिथंच घालवतात. याची मला चीड येते. पैसे जातात ते जातातच, पण अंधूक, थरथरणारं चित्र बघून पोराचा पक्ष्यांतला रसही जातो.

मुळात 'किती लांबचं' याला काही अर्थ नाही. चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटरवर आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. विचारायचं ते हे, की चित्र किती मोठं होतं आणि डोळ्यापर्यंत उजेड किती पोचतो. दुर्बिणीवरचे दोन आकडे हेच सांगतात. 8×42 म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा: 42 भागिले 8, म्हणजे 5.25 मिलिमीटर. हा भागाकार डोळ्यांनी बघता येतो. दुर्बीण उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे कधीच नको), डोळ्यापासून वीतभर लांब ठेवा आणि मागच्या भिंगाकडे बघा. काळ्या नळीत उजेडाचं एक छोटं गोल वर्तुळ तरंगताना दिसेल. पुढच्या भिंगात शिरलेला सगळा उजेड शेवटी या वर्तुळातून बाहेर पडतो. इंग्रजीत याला एक्झिट प्युपिल म्हणतात.

आता आपल्या डोळ्याची बाहुली घ्या. भर उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरची असते, मिट्ट अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत मोठी होते. वर्तुळ बाहुलीपेक्षा मोठं असेल, तर जादाचा उजेड अरुंद तोंडाच्या बाटलीत तांब्यानं पाणी ओतताना सांडावं तसा बाहुलीभोवतीच्या परितारिकेवर, म्हणजे रंगीत कड्यावर, सांडतो. तो वाया गेला. वर्तुळ लहान असेल तर बाहुली अर्धीमुर्धी रिकामी राहते आणि चित्र काळवंडतं. जांबोटीच्या जंगलात पहाटे तुमची बाहुली 4 मिलिमीटरची झाली आहे असं धरा. हातात 10×25 असेल तर वर्तुळ 2.5 मिलिमीटरचं. उजेड व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून 2.5 भागिले 4 चा वर्ग करायचा: 0.39. नुसत्या डोळ्यांना जंगल जेवढं उजळ दिसतं, त्याच्या चाळीस टक्केसुद्धा नाही! ओढ्याकाठी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर आधीच निळा-काळा, तो या उजेडात नुसती सावली होऊन बसतो. तिथंच 8×42 लावली तर बाहुली पूर्ण भरते. आणि त्या '40×60' चं गणित? आकडे खरे असते तर वर्तुळ दीड मिलिमीटरचं झालं असतं. शिवाय हाताची थरथरही चाळीसपट झाली असती.

आकडे बहुधा खरे नसतातच, आणि ते घरबसल्या पकडता येतं. लांबच्या दिव्यावर फोकस करून घ्या. मग अंधाऱ्या खोलीत मागच्या भिंगापासून वीतभरावर मोबाईलचा टॉर्च धरा आणि पुढच्या भिंगाला लागून कागद ठेवा. कागदावर पडलेल्या वर्तुळाचा व्यास मोजा, भिंगाचा खरा उपयोगात येणारा भाग तेवढाच. आत बसवलेल्या कड्या बऱ्याचदा तो कापतात. मग दुर्बीण खिडकीकडे करून मागच्या बाजूला ट्रेसिंग पेपर मागेपुढे हलवा, वर्तुळ सर्वांत रेखीव दिसेल तिथं ते पट्टीनं मोजा. पहिलं समजा 34 मिलिमीटर आलं आणि दुसरं 4, तर दुर्बीण साडेआठपट मोठं दाखवते. खोक्यावर 40 छापलेलं असलं तरी.

ट्रेसिंग पेपर जिथं थांबला, ते भिंगापासूनचं अंतरही लिहून ठेवा. डोळा तिथंच यायला हवा. चष्मेवाल्यांना ते किमान 15 मिलिमीटर लागतं, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

वर्तुळाच्या आकारात तर मजा आहे. ते गोल हवं. काही दुर्बिणींत त्याच्या कडांना राखाडी सावल्या पडून ते चौकोनी होतं. पुढचं भिंग उलटी प्रतिमा देतं, ती सुलटी करायला आत लोलक असतात. पोरो पद्धतीच्या लोलकांत (इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं 1854 साली त्याचं पेटंट घेतलं) प्रकाश काचेच्या आतून 45 अंशांत पृष्ठभागावर आदळतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनानं, म्हणजे जराही बाहेर न निसटता, वळतो. त्यासाठी आपाती कोन, म्हणजे पृष्ठभागावरच्या लंबाशी किरणाचा कोन, त्या काचेच्या क्रांतिक कोनापेक्षा मोठा लागतो; त्याहून लहान झाला की प्रकाश बाहेर निसटू लागतो. बीके-7 या काचेचा क्रांतिक कोन सुमारे 41.2 अंश, बीएके-4 चा 39.6. भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून लांबच्या वस्तूची प्रतिमा जिथं बनते तिथपर्यंतचं) व्यासाच्या चौपट असेल, तर कडेचे किरण मधल्या किरणाशी सात अंशांनी कललेले असतात, काचेत शिरल्यावर साधारण साडेचार अंशांनी. म्हणजे एका बाजूचे किरण 45 ऐवजी चाळीस-साडेचाळीस अंशांत आदळणार. बीएके-4 मध्ये हे चालून जातं. बीके-7 मध्ये ते क्रांतिक कोनाच्या खाली जातात आणि थोडा प्रकाश काचेबाहेर निसटतो. परावर्तनं चार, म्हणून वर्तुळ चार बाजूंनी कापलं जातं. सरळ नळीच्या मोनोक्युलरमध्ये लोलक वेगळ्या पद्धतीचे असतात, तिथं ही खूण इतकी ठळक दिसत नाही. तरी खोक्यावर 'बीएके-4' आणि 'फुली मल्टी-कोटेड' (सगळ्या काचांवर अनेक थरांचा लेप) हे शब्द शोधाच. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग झाले की तिसरा हिस्सा प्रकाश गेला.

खिशात चार-पाच हजार असतील, तर तेवढ्यात जोडनळीपेक्षा (बायनॉक्युलरपेक्षा) एकनळी घेणं मला पटतं. भिंगं आणि लोलक निम्मे लागतात, दोन नळ्या एका रेषेत आणायची भानगड नसते, त्यामुळे त्याच किमतीत काच बरी मिळू शकते. खानापूर, कणकुंबी, भीमगडकडच्या दाट झाडीत फिरणार असाल तर 8×42 घ्या. गोकाकजवळ घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर हिवाळ्यात दहा वाजताच्या उन्हात कांड्या करकोचे बघायचे असतील, तर 8×25 सुद्धा पुरते, कारण तेव्हा बाहुलीच लहान असते. 10× चा मोह टाळा. एका हातानं धरलेली नळी जास्त हलते, आणि उडता वेडा राघू अरुंद चित्रात सापडत नाही.

संध्याकाळच्या उजेडासाठी 42 चा आग्रह धरण्यामागं माझं आणखी एक कारण आहे. पिंगळा ओरडला की घरात काहीतरी वाईट होतं, असं म्हणून आपल्याकडे अजून त्याला दगड मारतात. दिवेलागणीला तारेवर बसलेला पिंगळा पोरांना दुर्बिणीतून दाखवा. किडे आणि उंदीर टिपणारा हा पक्षी आहे, उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याच्या फायद्याचा.

दुर्बीण आल्यावर पावसाळ्याची काळजी घ्या. घाटाजवळच्या ओलीत भिंगांवर बुरशी धरते आणि ती लेपसुद्धा खाते. जून ते सप्टेंबर दुर्बीण कापडी किंवा चामडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या.