ज्योतिबाची शपथ आणि तिसरी रात्र

"मॅडम, आमच्या गल्लीतले एक जण ज्योतिबाला जाऊन दारू सोडायची शपथ घेऊन आले. दोन दिवस थेंबाला शिवले नाहीत. तिसऱ्या रात्री चादरीवरच्या मुंग्या झाडायला लागले आणि चादरीवर एक मुंगी न्हवती बघा."

करवीर तालुक्यातल्या एका बैठकीत एका आशाताईंनी हे सांगितलं, तेव्हा शेजारच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. त्यांच्याही गल्लीत असंच घडलेलं होतं. घरच्यांनी काय केलं, तर लिंबू उतरवलं. बाहेरचं लागलं असेल, नाहीतर देवाचं काहीतरी चुकलं असेल. खरं तर त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं शपथ पाळली होती आणि त्रास त्यामुळेच सुरू झाला होता.

हे समजायला तालमीतल्या लाल मातीकडे बघावं. दोन पैलवान कपाळाला कपाळ लावून एकमेकांना रेटत असतात. लांबून बघणाऱ्याला दोघं जागच्या जागी उभे दिसतात. एकानं अचानक अंग काढून घेतलं की दुसरा स्वतःच्याच जोरानं तोंडावर आपटतो. मेंदूतही अशीच एक जोडी आहे. गाबा नावाचं रसायन मज्जापेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाच्या बाजूनं जोर लावते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून दोन पेगनंतर जीभ सैल होते आणि पाय अडखळतात. रोजच दारू पोटात जाऊ लागली की मेंदू तोल सावरण्यासाठी उलट्या बाजूचा रेटा वाढवत नेतो. गाबाला दाद देणं कमी होतं, ग्लुटामेटची यंत्रणा वाढते. त्यामुळेच जुना पिणारा क्वार्टर रिचवूनही सरळ चालतो आणि आपण म्हणतो, "त्याला चढतच नाही."

मग एक दिवस शपथ होते. दारूचा पैलवान अंग काढून घेतो, पण उलटा रेटा तसाच असतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. काहींना एव्हानाच भास होऊ लागतात. साधारण 48 ते 96 तासांच्या टप्प्यात, म्हणजे त्या तिसऱ्या-चौथ्या रात्री, काहींचं भान हरपतं. आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, छाती धडधडते, नसलेल्या मुंग्या दिसतात. याला डॉक्टर 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. दारू सोडताना त्रास होणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणांवर ही वेळ येते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात, घरी कोंडून ठेवलं तर जीवही जातो.

तंबाखूचं मात्र असं नाही. मशेरी किंवा चुना-तंबाखू आजच्या आज बंद केली तर माणूस आठवडाभर घरच्यांच्या अंगावर खेकसेल, मरणार नाही. म्हणून सगळ्या व्यसनांना 'मनाचा निर्धार' हे एकच औषध सांगणाऱ्या भाषणांचा मला राग येतो.

आता श्रावणाचं बघू. गटारीला टुन्न, श्रावणभर कडकडीत बंद, गणपती गेले की पुन्हा सुरू. पुढे मार्गशीर्षात पुन्हा बंद. बायकोला वाटतं, वर्षातनं दोनदा तरी सोडतात, कधीतरी कायमची सुटेल. पण दारूवर शरीर टेकलेल्या माणसाच्या मेंदूला प्रत्येक अचानक तोडणं लक्षात राहतं. पुढच्या खेपेला त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. पहिल्या श्रावणात नुसते हात थरथरले, पाचव्यात फिट आली, असं घडतं. माळ घालून खरोखर सुटलेली माणसंही मी पाहिलीत आणि माळेबद्दल मला आदरच आहे. माझं म्हणणं इतकंच, की आधी डॉक्टर, मग माळ.

डॉक्टर वेगळं काय करतात? दारूनं गाबाच्या बाजूनं लावलेला जोर ते काही दिवस गोळीतून लावतात आणि पाच-सात दिवसांत पायरीपायरीनं काढून घेतात. म्हणजे एका पैलवानाला हळूहळू मागे सरकू देतात. जोडीला बी-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शनं देतात. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलं जात नाही, शिवाय पिणाऱ्याचं जेवण म्हणजे चकणा. मेंदूला साखर जाळायला थायमिन लागतं. आपल्याकडे मात्र अशक्तपणा आला की पहिली मागणी 'सलाईन लावा'. थायमिनचा साठा संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडू शकतं. डोळे फिरतात, चाल झोकांड्या खाते, बुद्धी गोंधळते आणि कधी स्मृती कायमची जाते. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यायचं असतं. पेशंट पितो हे घरच्यांनी लाजेपोटी लपवलं तर डॉक्टरला हे सुचणार कसं?

लपवण्यावरून 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती आठवल्या. त्या पुड्यांमध्ये काय असतं ते देव जाणे, पण भाजीतून चोरून देण्याचा उद्योग डायसल्फिराम या खऱ्या औषधाचाही होतो. याची जन्मकथा मजेदार आहे. हे रबर कारखान्यातलं रसायन. तिथल्या कामगारांना दारू सोसवत नाही, असं 1937 मध्ये एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरनं नोंदवलं, आणि 1948 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचं औषध केलं. दारू पचताना यकृतात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते पुढे मोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, डायसल्फिराम अडवतं. मग एका घोटानंतर तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. हा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. माणसाला माहीत असेल तर ही गोळी त्याचं कुंपण होते. चोरून दिली आणि त्याला हृदयविकार असला तर घात होतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही उपचाराचा पाया पेशंटची संमती हाच आहे.

गावात फिरणाऱ्या ताईला एवढं सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. डॉक्टरांच्या अनेक वर्षांच्या वापरातले चार प्रश्न पुरतात. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी बोललं की चीड येते का? पिण्याचं मनात खातं का? आणि सकाळी उठल्या उठल्या उतारा लागतो का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल तर शपथेआधी दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते, पुढे कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. फिट आली किंवा भान गेलं तर 108. बोलायला 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि 14416 म्हणजे टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ती 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

एवढं असून माणसं पोचत नाहीत. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या सदतीस घरांचा उंबरा कोण ओलांडतं? आशाताई, अंगणवाडी ताई, बचत गटाची अध्यक्ष, समाजकार्याची एमएसडब्ल्यू पदवी करून नुकती रुजू झालेली पोरगी. या बाया मारहाण ऐकतात, कर्ज ऐकतात, 'जीव द्यावासा वाटतो' हेही ऐकतात, आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात स्वतःच्या घरात पाणी असताना यांतल्या कित्येकींनी दुसऱ्यांच्या घरांच्या याद्या केल्या.

दुसऱ्याचं दुःख सतत ऐकणाऱ्यालाही इजा होते. झोपेत ऐकलेलं दिसतं, नाहीतर उलटं होतं, म्हणजे काहीच वाटेनासं होतं. समोरची रडते आणि आपण मनात रजिस्टरचे रकाने भरत असतो. अभ्यासक याला करुणेचा थकवा म्हणतात. यावर नुसता 'स्वतःची काळजी घ्या' असा सल्ला देणं मला फसवं वाटतं. उपयोगी पडतं ते असं, की ऐकलेलं कुणाशी तरी ठरलेल्या वेळी बोलायला मिळावं, एकीकडे घरं फार होऊ नयेत आणि मानधन वेळेवर यावं.

बैठक संपताना त्या पहिल्या ताईंना मी विचारलं, "14416 ला तुम्ही स्वतःसाठी कधी फोन केलाय का?" त्या हसल्या. "तो पेशंटचा नंबर की वो मॅडम." मग पर्स बंद करता करता थांबून हळूच म्हणाल्या, "आमचं नाव सांगावं लागतंय काय?"