रमी (सोलापूर परिसर)

रमी : हातातील पत्त्यांचे क्रम (सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते) व संच (सेट, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे एकाच दर्जाचे पत्ते) जुळवून इतरांच्या आधी डाव दाखवण्याचा बैठा खेळ. सोलापुरात मराठी, तेलुगू व कन्नड अशा तिन्ही भाषांच्या घरांत तो रुळलेला आहे. प्रस्तुत नोंदीत तेरा पत्त्यांच्या रमीतील डावपेच व मानसशास्त्र यांचा विचार केला असून वाटणीचे व गुणमोजणीचे नियम गृहीत धरले आहेत.

उगम : खेळाच्या उगमाविषयी दोन मते प्रचलित आहेत. एका मतानुसार एकोणिसाव्या शतकात मेक्सिको व त्यालगतच्या अमेरिकी प्रदेशात खेळला जाणारा ‘कॉनकियन’ हा रमीचा पूर्वज होय. दुसरे मत चिनी पत्त्यांच्या खेळांकडे व माहजाँग या सोंगट्यांच्या खेळाकडे बोट दाखवते. उचला, जुळवा, टाका हे तत्त्व चिनी खेळांत जुने आहे, यात वाद नाही. मात्र ते अमेरिकेपर्यंत नेमके कोणत्या वाटेने गेले हे सांगताना या मताचे पुरस्कर्ते तर्काचाच आधार घेतात. त्यामुळे निदान नजीकचा पूर्वज म्हणून कॉनकियनचे नाव घेणे अधिक सयुक्तिक वाटते. जिन रमी हा प्रकार १९०९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एलवूड बेकर यांनी रचला, असे सामान्यतः मानले जाते. भारतातील तेरा पत्ती रमी ही जिन व ‘रमी ५००’ यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकात आकाराला आली असावी. सावंतवाडीच्या गंजिफाशी (गोल पत्त्यांच्या पारंपरिक खेळाशी) तिचे नाते जोडण्याचा मोह काहींना होतो. पण गंजिफा हा हात (दस्त) जिंकण्याचा खेळ आहे, जुळवणीचा नव्हे.

नावे : सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरांत पत्त्यांच्या खेळाला तेलुगूत ‘पेकाट’ म्हणतात. मराठीत पेकाट म्हणजे कंबर, तेव्हा नव्या पाहुण्याला हसू आवरत नाही. तेलुगूत ‘पेक’ म्हणजे पत्त्यांचा जोड आणि ‘पेक’ म्हणजे बाणा, अर्थात विणीतील आडवा धागा. ‘पडुगु-पेक’ ही ताणाबाण्याची जोडी मागावर रोज उच्चारली जाते. मागावरच्या माणसांना यातून कल्पनाविलास सुचणे स्वाभाविक आहे. तरीही दोन्ही शब्द निव्वळ समोच्चारी मानणे सुरक्षित. कन्नडमध्ये ‘इस्पीट’ म्हणजे एकूणच पत्ते, तर मराठीत ‘इस्पिक’ म्हणजे केवळ एक रंग. दोन्ही शब्द युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या एकाच घराण्यातले असावेत.

डावपेच : दोन जोड व प्रत्येकी एक छापील जोकर धरल्यास १०६ पत्ते होतात. कट जोकराच्या (वाटणीनंतर जोकर म्हणून उघडलेल्या पत्त्याच्या) दर्जाचे आठ पत्ते असतात, पण एक उघडा पडून राहतो. उरलेले सात आणि छापील दोन असे नऊ जोकर प्रत्यक्ष खेळात येतात. जोकराविना जुळलेला एक क्रम (प्युअर) हाती नसेल तर बाकी कितीही जुळवाजुळव असली तरी सगळे पत्ते मोजले जातात, म्हणून पहिली धाव त्याकडे.

बदामाची छक्की-सत्ती हाती असेल तर पंजी किंवा अठ्ठी चालते. प्रत्येकी दोन, म्हणजे चार पत्ते उपयोगी. छक्की-अठ्ठी असेल तर फक्त सत्ती, म्हणजे दोनच. एक्का-दुर्रीचीही तीच गत. दोन रंगांच्या सत्त्या धरल्या तर उरलेल्या दोन रंगांच्या मिळून चार सत्त्या चालतात. म्हणजे पत्त्यांची संख्या सारखीच. पण संचातून प्युअर साधत नाही, हा फरक नवशिके विसरतात. चित्रे हाती धरून बसणे हा दुसरा नेहमीचा दोष. राजा-राणी-गुलामाचा प्रत्येकी दहाचा बोजा आरंभीच उतरवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

उघडा पत्ता फक्त पुढचा खेळाडू उचलू शकतो. त्यामुळे सहा जण बसले असले तरी खरे लक्ष दोघांवर ठेवायचे : मागचा काय टाकतो आणि पुढचा काय उचलतो. किलवरच्या दोन्ही अठ्ठ्या गेल्या असतील तर नव्वी टाकणे बऱ्याच अंशी निर्धोक. पुढच्याला ती दश्शी-गुलामाबरोबरच लावता येते, किंवा संचात. गळ टाकण्याची युक्ती याच हिशेबाच्या उलट चालते. चौकट सत्ती हवी असलेला खेळाडू चौकट अठ्ठी फेकतो. सत्ती धरून बसलेल्याला ती आता धोक्याची नाही असे वाटते व तो ती सोडतो. मुरलेल्या शेजाऱ्यापुढे ही युक्ती एका बैठकीत दुसऱ्यांदा चालत नाही.

मानसशास्त्र : १०१ च्या पूलमध्ये (१०१ गुण चढताच खेळाडू बाद होतो अशा प्रकारात) पहिल्याच फेरीत डाव सोडल्यास २०, मध्येच सोडल्यास ४० आणि पूर्ण हरल्यास कमाल ८० गुण चढतात. ८१ वर पोचलेल्याला २० सोसून डाव सोडता येत नाही. तो खेळणारच, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्याच्या वाटेचे पत्ते अडवले जातात. वाईट हात २० वर न सोडता ‘एक पत्ता तर हवा’ म्हणून ओढत नेणे, हे बहुतेक पराभवांचे मूळ. तोटा टाळण्यासाठी माणूस मोठी जोखीम पत्करतो, असे डॅनिएल कानेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. रमीच्या बैठकीत ते सिद्धांत न वाचताही दिसते. ‘इतका वेळ जोकर आला नाही, आता येणारच’ ही समजूतही तशीच. चेहरा वाचण्याचे कौशल्य रमीत तीन पत्तीइतके निर्णायक नसते. उचलताना घेतलेला वेळ आणि हातात पत्ता कोणत्या जागी खोवला गेला, यांतून अधिक कळते.

कायदा : सोलापूरच्या पूर्वेला १९४८ पर्यंत निजामाचे हैदराबाद संस्थान होते. रमीविषयीचा प्रसिद्ध निकालही हैदराबादच्या जुगारविरोधी कायद्याखालील, सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणातून आला. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण (१९६७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, या कारणाने रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला व तीन पत्तीपासून तिला वेगळे काढले. मात्र क्लबचालक खेळातून नफा कमावत असल्यास गुन्हा होऊ शकतो, असेही नमूद केले. ‘नाल’ (खेळातील पैशांतून अड्डाचालकाचा वाटा) काढणाऱ्या अड्ड्यांना म्हणून या निकालाचे संरक्षण नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू असून केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदी घातली.